शून्याचं बटण

माझं काम मांस सडवण्याचं आहे. हे मी पहिल्या भेटीत कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो आणि घड्याळाकडे बघतो. पण खरं ते खरं. आमच्या संस्थेच्या तळघरात एक थंड खोली आहे. तिथं मी कोंबडीचे तुकडे काचेच्या बरण्यांत ठेवते आणि वाट बघते. पहिल्या फळीवर ताजे, मग शिळे, मग कडेनं हिरवट झालेले, आणि सगळ्यात खाली एक बरणी, जिच्यावर मी ‘अरे बापरे’ अशी चिठ्ठी लावली आहे. ती उघडताना मी तोंडानं श्वास घेते. मग तो वास नाकाऐवजी जिभेवर बसतो आणि दिवसभर तिथंच राहतो.

ही गोष्ट मात्र माझी नाही, माझ्या वहिनीची आहे. माझ्या बरण्यांतला वास तपासायला जिच्याकडे जायचा ती हीच.

वहिनीला सगळ्याची किळस येते. दाराची मूठ ती कोपरानं उघडते. दुसऱ्याच्या घरी हात पुसायला टॉवेल दिला तर तो हातात न घेता हात झटकत उभी राहते. तीही आमच्याच संस्थेत आहे; तिथं तिला पाठीमागं ‘फिनेलबाई’ म्हणतात, आणि तिला ते माहीत आहे. दादा, म्हणजे माझा भाऊ, सांगतो की लग्नाला होकार देण्याआधी हिनं त्याचा पगार, घर, शिक्षण काही विचारलं नाही, फक्त नखं बघितली. आमची आई अगदी उलट. जमिनीवर पडलेला तुकडा फुंकर मारून खाणारी. आई म्हणायची, ‘हिला प्रत्यक्ष देव भेटला तरी आधी हात धुवून या म्हणेल.’ सासूसुनेचं मात्र चांगलं जमायचं. आई घाण करायची, वहिनी पुसायची, आणि दोघी एकमेकींना नावं ठेवत एकाच ताटातल्या शेंगा सोलायच्या.

अशा बाईला काम मिळालं तेही तसंच. कुठं काय चिकटलंय हे बघण्याचं.

ती सोन्याच्या तारा बनवायची. सोनं म्हटलं की लोक कान टवकारतात, पण ती तार डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक. वहिनीनं मला ते एकदा फार चांगलं समजावलं होतं. जाड तारेत वीज पोटातून वाहते. वरून काय चिकटलंय याची तिला फिकीर नसते. तार इतकी बारीक केली की तिला पोट असं उरतच नाही, ती नुसती कातडी होते. मग हवेतले रेणू येऊन त्या कातडीला चिकटले की आतून धावणारे इलेक्ट्रॉन तिथं अडखळतात, भलतीकडे वळतात, आणि वीज कमी वाहते. किती कमी वाहते ते मोजलं की बाहेर काय चिकटलंय त्याचा अंदाज येतो. सडणाऱ्या मांसातून गंधकाचे रेणू निघतात. गंधकाला सोनं मिळालं की तो आगंतुक पाहुण्यासारखा असा पसरून बसतो की उठता उठत नाही. त्याला उठवायला वहिनी तार एका जांभळ्या दिव्याखाली बराच वेळ ठेवायची. तेव्हा कुठं तार पुन्हा स्वच्छ व्हायची.

आणि दिव्याखालून काढल्यावर, स्वच्छ हवेत, ती रोज सकाळी शून्य लावायची. म्हणजे यंत्राला सांगायचं की आत्ता जेवढी वीज वाहते आहे तेवढी बरोबर, आता यापेक्षा कमी झाली तर बोल. तार उन्हापावसानं, ओलीनं थोडी इकडंतिकडं होतेच, म्हणून हे रोज करावं लागतं. ‘शून्य लावलं का?’ हे वहिनीचं सकाळचं पहिलं वाक्य. आमच्याकडे नमस्काराऐवजी तेच चालायचं.

या तारेचा डबा करायचं ठरलं तेव्हा सगळे खूश होते. मोठ्या स्वयंपाकघरांच्या शीतखोलीत हा डबा लावायचा. मांस चांगलं असेल तर हिरवा दिवा, बिघडायला लागलं की लाल. आमचे साहेब तर असे मिरवायचे की जणू ती तार त्यांनीच स्वतःच्या मिशीतून ओढून काढली होती. साहेब अंगाला भरपूर सुगंध फासतात. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं की वहिनीची यंत्रं बिथरायची आणि माझं डोकं दुखायचं. सडक्या कोंबडीचा वास निदान प्रामाणिक असतो, असं माझं मत आहे.

डबा हलका व्हायला हवा म्हणून साहेबांनी जांभळा दिवा काढून टाकला. वहिनी कुरकुरली, पण दर थोड्या दिवसांनी तार बदलू असं ठरल्यावर गप्प बसली. शून्याचं बटण मात्र तिनं ठेवलं. आणि आणखी एक गोष्ट तिनं स्वतः हट्टानं करून घेतली. डबा भिंतीला स्क्रूनं पक्का बसवायचा. स्वयंपाकघरातल्या लोकांचे हात तिला माहीत होते. ते डबा उचलतील, पुसतील, कुठंतरी पिठात ठेवतील, या विचारानंच तिच्या अंगावर शहारे यायचे. ‘कुणी हात लावायचा नाही. सकाळी फक्त बटण दाबायचं,’ ती म्हणाली. बरोबरच्या कागदावर तिनं लिहिलं की बटण स्वच्छ हवेत दाबावं.

भिंतीला पक्क्या बसवलेल्या डब्याचं बटण स्वच्छ हवेत कसं दाबायचं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आमच्याकडे हवा स्वच्छच असायची.

पहिला डबा चाचणीसाठी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात लागला. पडलेधडलेले, शस्त्रक्रिया झालेले लोक तिथं महिना महिना राहून पुन्हा चालायला शिकतात. त्याच सुमारास आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर तिला तिथंच ठेवावं लागलं. वहिनीला उलट बरं वाटलं. इतर कुठल्याही रुग्णालयाचं जेवण तिनं आईला खाऊ दिलं नसतं. इथं तिचा डबा होता.

तिथल्या आचाऱ्याबद्दल आता सांगायलाच हवं. एवढा गलिच्छ माणूस मी तळघराबाहेर पाहिलेला नाही. नखांत काळं, ॲप्रनला कालचं नि परवाचं, आणि बोलता बोलता नाक मनगटानं पुसायची सवय. त्याच मनगटानं तो झाकण उचलायचा. वहिनी शीतखोलीतला डबा बघायला गेली की त्याच्यापासून हातभर लांब उभी राहायची, तोंडाला एकावर एक दोन मास्क लावून. तो मात्र डब्यावर भलताच खूश होता. ‘पूर्वी प्रत्येक पिशवी हुंगावी लागायची, बाई,’ तो म्हणाला, ‘आता नाकाला सुट्टी. सकाळी बटण दाबतो, दिवा हिरवा, की झालं.’

एके दिवशी आईसाठी कोंबडीचं सूप आलं. आईनं दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली. वहिनी जवळ बसली होती. तिनं वाटी पुन्हा पुढं केली. ‘आई, घ्या. ताकद यायला हवी. मी आत्ताच खाली जाऊन आले, दिवा हिरवा आहे.’ सूप मिरी घालून झणझणीत केलं होतं, आणि वहिनीच्या नाकावर ते दोन मास्क. मी संध्याकाळी पोचले तेव्हा वाटी रिकामी होती आणि वहिनी ती धूत होती. आईनं सगळं संपवलं म्हणून मी तिचं कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आईला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. खुबा मोडलेल्या बाईला जुलाब होणं काय असतं ते मी इथं लिहिणार नाही. चादरी बदलताना आई कळवळायची आणि तोंड भिंतीकडे वळवायची. आमच्यासमोर आयुष्यात कधी लाजली नव्हती, ती आता लाजत होती. त्या मजल्यावरचे आणखी बरेच जण आजारी पडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तर अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. वहिनीनं हातमोजे घातले नाहीत. आईला पुसलं, फिरवलं, पुन्हा पुसलं, आणि मग बाहेर जाऊन तीही ओकली.

आई जरा सावरल्यावर वहिनीनं तो डबा भिंतीवरून काढून आणवला. आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, ‘तुझी ती शेवटची बरणी आण.’

मी ‘अरे बापरे’ आणली. झाकण काढलं. मला डोळ्यांत पाणी आलं, वहिनीनं तोंडावर हात धरला. डब्याचा दिवा हिरवा होता. आम्ही बरणी अगदी त्याच्या जाळीला टेकवली. हिरवाच.

मग तिनं शून्य बाजूला ठेवून तारेची खरी वीज मोजली. आमच्याकडून निघाली त्या दिवसापेक्षा ती कितीतरी खाली उतरलेली होती, आणि बरणी आणली किंवा नेली तरी तिथून हलत नव्हती. वहिनी खुर्चीत बसली. माझ्याकडे न बघता बोलत राहिली. शीतखोलीत नेहमीच थोडं शिळं मांस असतं. रेणू येत गेले, बसत गेले. रोज सकाळी आचाऱ्यानं त्याच हवेत, त्याच भिंतीवर बटण दाबलं. म्हणजे काल जेवढी घाण होती ती आज शून्य. उद्या आणखी थोडी, तेही शून्य. एकदम कधीच काही वाढलं नाही, म्हणून दिवा लाल झाला नाही. शेवटी तार पूर्ण भरली. नव्यानं चिकटायला जागाच उरली नाही, मग वीज आणखी कमी होणार कुठून.

‘पण तार बदलायची होती ना?’ मी विचारलं.

‘दिवा हिरवा होता,’ ती म्हणाली, ‘म्हणून साहेब म्हणाले, चालतंय तर कशाला. आणि मी हो म्हटलं.’

तिनं तार काढून जांभळ्या दिव्याखाली ठेवली. बऱ्याच वेळानं बाहेर काढून शून्य लावलं आणि बरणी पुढं केली. दिवा ताबडतोब लाल झाला. तारेत काही खोट नव्हती.

साहेबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कागद मागवला, जो वहिनीनंच लिहिला होता, आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ‘स्वच्छ हवेत दाबावं, असं आपण लिहिलंय, बरं का. त्या माणसानं दाबलं नाही. विषय संपला.’ रुग्णालयाची बैठक दोन दिवसांवर होती. तिथं वहिनीनं उभं राहून एवढंच सांगायचं होतं. आचारी जाईल, डबा राहील, आणि तसलेच आणखी डबे इतर स्वयंपाकघरांत लागतील. पुढच्या डब्यात सुधारणा करूच, असंही ते म्हणाले. बोलताना त्यांच्या कोटाचा तो गोडूस वास माझ्या घशाशी आला. इतकी शिसारी मला माझ्या बरण्यांची कधी आली नव्हती.

पण खोटं कशाला बोलू, परत येताना मीही वहिनीला म्हटलं, ‘तसा तो आचारी आहेच घाणेरडा. उद्या नाही तर परवा काहीतरी करणारच होता. मांस सडलेलं असताना त्याच्या नाकाला कळू नये?’

वहिनी जागीच थांबली. ती चिडली की मला ‘वन्सं’ म्हणते, एरवी नावानं हाक मारते. ‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘तो गलिच्छ आहे. मला त्याच्या शेजारी उभं राहवत नाही. पण नाक वापरू नको, हे त्याला मी सांगितलं. डबा भिंतीला मी ठोकायला लावला. का, तर त्याचे हात लागू नयेत.’

बैठकीच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर होते. मेट्रनबाई, दोन डॉक्टर, साहेब, आणि दाराशी आचारी, स्वच्छ शर्ट घालून, हात मागं बांधून. त्यानं केसांना पाणी लावून भांग पाडला होता. माणसं घाबरली की अशी नीटनेटकी होतात. साहेबांनी कागद वाचला. मग वहिनीकडे मान हलवली.

वहिनी उभी राहिली.  तिनं तार कशी भरते ते सांगितलं, साध्या भाषेत, मला सांगितलं होतं तसं. एका डॉक्टरनं मध्येच विचारलं, ‘म्हणजे बटण चुकीच्या जागी दाबलं गेलं. चूक कुणाची?’

‘त्या डब्याचं बटण बरोबर जागी दाबताच येत नाही,’ वहिनी म्हणाली. ‘डबा सडक्या हवेत स्क्रूनं बसवलेला, आणि मी कागदावर लिहिलं स्वच्छ हवेत दाबा. हे मी माझ्या टेबलावर बसून लिहिलं. चूक माझी आहे. आजच्या आज तो प्रकार बंद करा, आणि तसला डबा आणखी कुठं लावू नका.’

 साहेब कागदांचे कोपरे जुळवत बसले.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. डबे बंद झाले. वहिनीला तारांच्या कामातून काढून कोपऱ्यातल्या एका खोलीत बसवलं आहे, जिथं ती इतरांची मोजमापं तपासते. साहेबांनी मांसाचा विषय सोडून दिला आणि आता ते मातीतल्या ओलीवर बोलतात, तितक्याच जोरात. शेजारच्या खाटेवरची बाई वाचली. आणि आचारी? त्याची नोकरी राहिली. वहिनीनं आपल्याला वाचवलं वगैरे काही त्याच्या मनात आल्याचं दिसलं नाही. मी आईचे कागद आणायला गेले तेव्हा तो चार जणांना सांगत होता, ‘मी पहिल्यापासून म्हणत होतो, डबा खोटा आहे.’ आणि मनगटानं नाक पुसलं.  हे मी वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘असू दे. हुंगतो का आता?’ मी म्हटलं, हुंगतो. ‘मग झालं तर,’ ती म्हणाली.

आई घरी आल्यावर वहिनीनं तिलाही सगळं सांगितलं. दादा म्हणत होता, कशाला सांगतेस, म्हातारीला काय कळणार तारा नि रेणू. पण वहिनी खाटेच्या कडेवर बसली आणि काही न लपवता बोलली. वाटी मी पुढं केली, सूप सडलेल्या मांसाचं होतं, आणि दिवा हिरवा आहे असं मी म्हणाले, इथपर्यंत.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘वास येत होता गं मला. पहिल्याच चमच्याला आला.’

‘मग बोलला का नाहीत, आई?’

‘अगं, जगात कुणाला घाण दिसत नाही तिथं तुला दिसते. एवढी नाक मुरडणारी बाई म्हणते चांगलं आहे, म्हटल्यावर चांगलंच असणार. मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालं.’

वहिनी रडायला लागली. आईनं तिच्या पाठीवर हात फिरवला, रडू नको म्हणाली, आणि तिचा स्वतःवरचा राग तेवढ्यापुरता निवला असेलही. माझा निवला नाही. कारण आई पूर्वी खायची ते आठवतं मला, आणि आता खाते तेही दिसतं. आता ती चमचा उचलते, नाकाशी नेते, आणि तसाच धरून बसते. वरण असो, भात असो, साधी उकडलेली भाजी असो. एवढी खवय्या बाई, पण काय चांगलं नि काय वाईट हे तिचं तिला ठरवता येत नाही.

काल दुपारीही तेच झालं. वहिनी ताट घेऊन आली. आईनं चमचा भरला, नाकाशी नेला, मग वहिनीपुढं धरला. ‘वास येतोय का गं याला? मला काही कळत नाही.’

वहिनीनं वाकून हुंगलं. ‘नाही, आई. ताजं आहे. आत्ता केलंय मी.’

आईनं मान हलवली, पण चमचा तोंडात घातला नाही. तो वहिनीपुढं तसाच धरून ठेवला. वहिनीनं तिच्या हातातून चमचा घेतला, त्यातलं स्वतः खाल्लं, गिळलं, आणि तोच चमचा पुन्हा भरून आईच्या हातात दिला. मग आई जेवायला लागली.